मथळा एक घर सरकला



या पानावर मी एरवी शेतातलं लिहितो. कामगंध सापळे कधी लावले, ड्रीपमधून काय सोडलं, मोताळ्याला आणि मलकापूरला काय भाव निघाला, असं. आज कॉम्प्युटरमधल्या एका तक्त्याबद्दल लिहितोय. शेवटी तो तक्ता शेतातच येऊन पोचतो, म्हणून थोडा धीर धरून वाचा. कृषी सहायक, केव्हीकेतली मंडळी आणि कृषी पदवीला असलेली पोरं-पोरी यांनी तर वाचाच.

गोष्ट २०२४ ची आहे. इतके दिवस लिहिली नाही, कारण चूक माझी होती.

आमचा गट अकरा जणांचा. सगळे मोताळा तालुक्यातले, बहुतेक कोरडवाहू, एक-दोघांना विहिरीचं पाणी. आपल्या तालुक्यातलं सिंदखेड २०१८ च्या वॉटर कपमध्ये राज्यात विभागून दुसरं आलं, तेव्हापासून आमच्याकडे ‘ताळेबंद’ हा शब्द पारावर आला. पाणी किती पडलं, किती अडलं, किती वापरलं, हे मांडायची सवय लागली. मग आम्ही म्हटलं, पाण्याचा ताळेबंद मांडतो तर पिकाचा का नाही? २०२३ च्या खरिपात अकराही जणांनी वह्या ठेवल्या. बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणी, भाडं, सगळं लिहिलं. घरच्या माणसांची मजुरी मात्र धरली नाही, हे आधीच सांगतो. विक्रीच्या पावत्या वहीला टाचून ठेवल्या.

वह्या जमल्या, पण बेरजा कोण करणार? माझी भाची अकोल्याला कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. ती म्हणाली, “मामा, मला द्या. आमच्याकडे प्रयोगाचे आकडे आम्ही ज्यात सोडवतो, त्यातच तुमचं करून देते.” ते सॉफ्टवेअर म्हणजे ‘आर’. सातबाऱ्यावरचा हेक्टर-आरमधला आर नव्हे. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांनी ते नव्वदच्या दशकात सुरू केलं, त्यांच्या नावांची आद्याक्षरं आर, म्हणून नाव आर. फुकट आहे, आणि जगभरातले संशोधक वापरतात.

पोरीने काम चोख केलं. प्रत्येकाचा खर्च, उत्पन्न आणि एकरी किती उरलं ते काढलं. त्यातली एकही बेरीज चुकली नव्हती, हे लक्षात ठेवा. पुढे जे झालं ते गणिताने नाही झालं.

गटात एक अट होती. कोणाला किती उरलं हे नावानिशी बाहेर जायचं नाही. गावात कर्जाचे, उसनवारीचे, सोयरिकीचे विषय असतात, ते तुम्हाला माहीत आहेत. म्हणून मी तिला सांगितलं, “नावं काढून टाक, आकडे ठेव.” तिने नावं काढली. पहिल्यांदा मथळे मराठीत दिले होते, पण फाइल एक्सेलमध्ये उघडली की अक्षरांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसत होती. मग तिने मथळे इंग्रजी अक्षरांत आणि आखूड केले. चार रकाने होते: एकर, कपाशी, मका, सोया. पहिल्यात त्या माणसाची एकूण जमीन. पुढच्या तिन्हींत त्या पिकात एकरी किती उरलं ते, हजार रुपयांत. ज्याला कपाशीत जास्त उरलं तो वर, असा क्रम लावला आणि मला फाइल पाठवली. परीक्षा होती, म्हणून एवढंच लिहिलं, “मामा, झालं. बघून घ्या.”

मी बघितलं. म्हणजे फाइल उघडली आणि मोताळ्याला जाऊन प्रिंट काढली.

प्रिंटवर वरची ओळ अशी होती. एकरच्या खाली ७. कपाशीच्या खाली ३. मक्याच्या खाली १७. सोयाच्या खाली १२. आणि त्यापुढे अजून एक आकडा, ८, त्याच्या डोक्यावर काहीच नाही.

मथळे चार आणि रकाने पाच. हे मला दिसलं. खरंच दिसलं. आणि मी काय केलं? पारावर कागद धरून उभा होतो, एकाने विचारलं, “हा शेवटचा कायचा हाय?” मी बेधडक सांगितलं, “तूर असेल.”

‘असेल’ म्हटलं मी. त्या एका शब्दावर आज एवढं लिहायची पाळी आली.

कागद वाचला तर काय दिसत होतं? कपाशीत एकरी तीन हजार, पाच हजार, कोणाला अडीच. मक्यात सतरा, पंधरा, चौदा. सोयाबीन मधे कुठेतरी. पटण्यासारखं नव्हतं असं आज वाटतं, पण तेव्हा लगेच पटलं. २०२२ च्या सुरुवातीला कापूस दहा हजारांच्या वर गेलेला आम्ही पाहिला होता. त्यानंतर दोन वर्षं भाव खाली, वेचणीचे दर वर, गुलाबी अळी वेगळीच. कपाशीवर सगळेच वैतागलेले. कपाशी परवडत नाही, हे प्रत्येकाच्या मनात आधीच होतं. कागदाने तेच सांगितलं, म्हणून कागदाला कोणी उलटा प्रश्न केला नाही. आपल्या मनातलं बोलणारा आकडा कोणी तपासत नाही. नावडता आकडा मात्र आपण दहा वेळा तपासतो.

गटातल्या तिघा-चौघांनी मका थोडाफार वाढवला. मीही एक एकर वाढवला. पण बापूंनी चारच्या चार एकर मका केला.

बापू माझे शेजारी. वय साठीच्या पुढे. त्यांचं चार एकर डोंगराच्या बाजूला, जंगलाला लागून. आपल्याकडे घाटाकडच्या शिवारात रानडुकरांचं काय आहे ते ज्याचं शेत तिकडे आहे त्यालाच कळतं. म्हणून बापू तिथे वर्षानुवर्षं कपाशीच लावायचे. कपाशीत रोही शिरतात, शेंडे खातात, पण डुकराला कपाशीत गोडी नाही. मका म्हणजे डुकराला ताट वाढून ठेवल्यासारखं. हे बापूंना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी ते म्हणाले, “एवढा फरक पडत असन तर एक डाव पाहू. राखण करू.”

मृगात पेरणी झाली. मका उगवला चांगला. लष्करी अळीने पोंग्यात त्रास दिला, दोन फवारण्या झाल्या, पण निभावलं. पोळ्यापर्यंत कणसं भरायला आली, आणि बापूंच्या रात्री शेतात जायला लागल्या. बांधावर माळा बांधला. बॅटरी, फटाके, डबा वाजवणं, सगळं केलं. पोरगा पुण्याला नोकरीला, म्हणजे राखण एकट्या बापूंची.

पोळ्याला भाची घरी आली. तो प्रिंट मी ओसरीत खिळ्याला अडकवून ठेवला होता. ती चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली आणि तशीच राहिली. चहा निवला. मग मला म्हणाली, “मामा, अकरा एकर कोणाचं आहे?”

मी म्हटलं, “कोणाचंच नाही. गटात सगळ्यात जास्त साडेसात.”

“मग इथे एकरखाली अकरा कसं लिहिलंय?”

मी कागदाकडे पाहिलं. एकरच्या रकान्यात ७, ४, ११, २, ९... एक ते अकरा सगळे आकडे, प्रत्येक आकडा एकदाच, फक्त क्रम उलटापालटा. अकरा माणसं, अकरा आकडे. एवढे दिवस तो कागद डोळ्यांसमोर होता.

तिने तिथेच बसून समजावून सांगितलं. ते मी माझ्या भाषेत सांगतो, कारण ही चूक कोणाचीही होऊ शकते.

आरमध्ये तक्ता ठेवला की प्रत्येक ओळीला तो स्वतःहून एक नाव देतो. तुम्ही दिलं नाही तर १, २, ३ असे नंबर देतो. हे नंबर तक्त्यातला रकाना नसतात, बाजूला चिकटलेली चिठ्ठी असते. ओळींचा क्रम बदलला तर चिठ्ठी आपल्या ओळीबरोबर जाते, म्हणून नंबर उलटेपालटे दिसतात. आता तक्ता फाइलमध्ये काढायची जी साधी आज्ञा आहे, ‘राइट डॉट टेबल’, ती न सांगता या चिठ्ठ्याही फाइलमध्ये लिहिते. पण चिठ्ठीच्या रकान्याला ती मथळा देत नाही, आणि वरच्या ओळीत त्याच्यासाठी रिकामी जागाही सोडत नाही. म्हणजे खाली पाच रकाने आणि वर चार मथळे. एक्सेल बिचारा डावीकडून भरत जातो. पहिला मथळा पहिल्या रकान्यावर, दुसरा दुसऱ्यावर. सगळे मथळे एक घर डावीकडे सरकले, आणि शेवटचा रकाना उघड्या डोक्याचा राहिला.

आता ती वरची ओळ परत वाचा. ७ म्हणजे सात एकर नव्हे, सातव्या वहीचा नंबर. ३ म्हणजे कपाशीत उरलेले तीन हजार नव्हे, त्याची जमीन तीन एकर. १७ हजार मक्यात नव्हे, कपाशीत उरले. १२ हजार मक्यात. आणि ज्याला मी ‘तूर असेल’ म्हटलं ते ८ हजार म्हणजे सोयाबीन. तुरीचा तर त्या तक्त्यात पत्ताच नव्हता.

गटाची खरी सरासरी काढली तर कपाशीत एकरी साधारण तेरा हजार, मक्यात नऊ, सोयाबीनमध्ये सहा. आमच्या अकरा जणांचं, त्या एका वर्षाचं, त्या भावाचं. तुमचं वेगळं असेल. पण आमचा कागद उलटं सांगत होता, आणि तो पारावर मोठ्याने वाचून दाखवणारा मी होतो.

भाची रडायला लागली. मी म्हटलं, “तुझं गणित बरोबर होतं. तू लिहिलं होतंस ना, बघून घ्या म्हणून? बघणं माझ्याकडे होतं.” हे तिची समजूत काढायला नाही म्हटलं. पाच रकाने आणि चार मथळे मला दिसले होते. एक फोन लावायचा होता, तेवढाच.

दुसऱ्या दिवशी बापूंकडे गेलो. ते रात्रभर माळ्यावर बसून सकाळी झोपले होते. उठल्यावर मी कागद पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मले वाचता येते. पण मी कागद नाई वाचला. तू वाचून राह्यला होता, म्हून म्या तुह्या तोंडाकडे पाह्यलं.”

त्यावर मला उत्तर नव्हतं. अजून नाही.

त्यानंतर मका काढेपर्यंत एक दिवसाआड मी त्यांच्या माळ्यावर राखणीला जात होतो. त्याने नुकसान भरून निघालं असं नाही. एका रात्री कळप वरच्या अंगाने आला, आम्ही खालच्या बाजूला होतो. सकाळी पाहिलं तर सव्वा एकराच्या आसपास आडवं. उरलेला मका बरा झाला, विकलाही गेला, जनावरांना कडबा झाला. पण चार एकराचं मिळून आदल्या वर्षीच्या कपाशीपेक्षा कमीच हातात आलं. आणि त्या वयात दीड महिन्याच्या रात्री उघड्यावर काढल्या, त्याचा रकाना आम्ही कुठल्या वहीत ठेवलाच नव्हता.

कोणी म्हणेल, पुढच्या वर्षी मक्याला भाव आला असता तर? डुकरं आली नसती तर? असेल. शेतीत बरोबर निर्णय फसतो आणि चुकीचा निर्णय तरतो, हे आपण रोज पाहतो. पण निर्णय फसणं वेगळं आणि दुसऱ्याच रकान्यावर निर्णय घेणं वेगळं.

यानंतर आम्ही आमच्या सगळ्या जुन्या फाइली उघडून बसलो. तेव्हा कळलं की मथळा सरकणं ही एकच गोष्ट नाही. हिशोब एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना वाटेत बरंच सांडतं.

पहिलं, गट नंबर. गटाच्या यादीत ‘१२/३’ लिहिलेलं एक्सेलमध्ये उघडलं तर ‘१२ मार्च’ झालेलं. सातबारा हा शब्द आकड्यांत ७/१२ लिहिला तर त्याचीही तारीख होते. आणि तशीच सेव्ह केली की मूळ नंबर परत मिळत नाही. हसू नका, हे मोठमोठ्यांना झालंय. माणसाच्या जनुकांची नावं ठरवणारी जागतिक समिती आहे. ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ अशी काही जनुकांची नावं होती, एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचा. संशोधकांच्या इतक्या फाइली नासल्या की शेवटी २०२० मध्ये समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलपुढे तिथे विज्ञानाने हात टेकले, तर आपला गट नंबर काय चीज आहे.

दुसरं, बँकेचे खाते नंबर. सुरुवातीचं शून्य उडतं. नंबर पंधरा आकड्यांपेक्षा लांब असेल तर पुढचे आकडे एक्सेल शून्य करून टाकतो. बारा आकड्यांचा आधार नंबर तर ‘ई प्लस अकरा’ असा काहीतरी दिसतो. अनुदानाच्या किंवा विम्याच्या यादीत असं झालं तर पैसे कुठे जातील ते सांगायला नको.

तिसरं, एकर आणि हेक्टर. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, आपल्या तोंडी एकर-गुंठे. एक हेक्टर म्हणजे जवळपास २.४७ एकर. ‘क्षेत्र’ एवढाच मथळा आणि खाली ०.८१ लिहिलं, तर एक जण समजतो पाऊण एकराच्या वर, दुसऱ्याला कळतं की हे दोन एकर आहे. उत्पादन त्याने भागलं की एकाच शेताचे दोन उतारे निघतात, एक अडीचपट.

चौथं, मराठी आकडे. एकाने वही टाइप करताना १२, १५ असे देवनागरी आकडे टाकले. दिसायला छान, पण माझ्या एक्सेलने ते अक्षर म्हणून धरले आणि बेरीज शून्य दाखवली. म्हणून गणिताच्या फाइलीत आम्ही आकडे इंग्रजी ठेवतो, मथळे मराठी.

पाचवं आम्हाला झालं नाही, पण माहीत असावं. जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलीत, म्हणजे शेवटी नुसतं एक्सएलएस असलेल्या, ६५,५३६ ओळींच्या वर जागाच नाही. नव्या एक्सएलएसएक्समध्ये दहा लाखांच्या वर आहे. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरद ऋतूत करोनाच्या रुग्णांच्या याद्या जुन्या प्रकारात काढल्या जात होत्या. जागा संपली आणि जवळपास १६ हजार रुग्ण यादीत आलेच नाहीत. त्यांच्या संपर्कातल्या लोकांना निरोप उशिरा गेला. तपासणी बरोबर, अहवाल बरोबर, फक्त फाइलीत काढताना सांडलं.

आता आम्ही काय करतो ते लिहितो. यात हुशारी काही नाही. खळ्यावरून पोतं गाडीत टाकताना आपण मोजतो, आणि अडतीवर उतरवताना परत मोजतो. तेवढंच आहे.

१) चिठ्ठीचे नंबर फाइलीत जाऊ द्यायचे नाहीत. आरमध्ये ‘रो डॉट नेम्स’ बंद करायचं. नाहीतर ‘राइट डॉट सीएसव्ही’ वापरायचं, ते निदान पहिल्या मथळ्याची जागा रिकामी सोडतं, म्हणजे बाकीचे आपल्या जागी राहतात. पायथॉन वापरणाऱ्यांनी पांडाजमध्ये ‘इंडेक्स’ बंद करावा. ओळीला ओळख हवीच असेल तर तिचा वेगळा रकाना करून त्याला नाव द्यायचं, ‘वही क्रमांक’.

२) शक्यतो थेट एक्सएलएसएक्स फाइल काढायची. भाची आता ‘राइटएक्सएल’ वापरते. सीएसव्ही म्हणजे नुसती अक्षरं आणि स्वल्पविराम, त्यात कोणता रकाना आकडा आणि कोणता अक्षर हे कुठेच लिहिलेलं नसतं, एक्सेल अंदाज करतो. आणि साध्या फाइलीच्या नावाला एक्सएलएस जोडलं म्हणून ती एक्सेल फाइल होत नाही. सीएसव्हीच काढायची असेल तर यूटीएफ-८ मध्ये, बीओएम खुणेसह. मग मराठी मथळे नीट दिसतात. हे आधी माहीत असतं तर मथळे आखूड करायची वेळच आली नसती.

३) मथळा पूर्ण लिहायचा. ‘कपाशी’ नाही, ‘कपाशी, एकरी शिल्लक, हजार रुपये’. रकाना रुंद झाला तर होऊ द्या. कागद तुमच्याशिवाय चार घरं फिरतो, तिथे त्याच्या बाजूने बोलायला फक्त मथळा असतो.

४) मथळ्याची ओळ एकच. दोन-तीन घरं जोडून मोठा मथळा दिसायला छान दिसतो, पण पुढे क्रम लावताना, गाळताना घोळ होतो.

५) रिकामं आणि शून्य वेगळं. ज्याने सोयाबीन पेरलंच नाही त्याचं घर रिकामं. ज्याला पेरून काही उरलं नाही त्याचं शून्य. रिकाम्या जागी शून्य टाकलं की सरासरी खाली येते आणि पीक बदनाम होतं.

६) गट नंबर, खाते नंबर, फोन नंबर हे आकडे दिसले तरी अक्षर म्हणून ठेवायचे. त्यांची बेरीज आपण कधी करत नाही, हीच खूण.

७) ताळा. फाइल काढायच्या आधी ओळी किती, रकाने किती आणि प्रत्येक रकान्याची बेरीज किती, हे वहीत लिहायचं. एक्सेलमध्ये उघडल्यावर परत पाहायचं. आमच्या त्या कागदात एकरची बेरीज केली असती तर ६६ आली असती. गटाची जमीन आहे ४३ एकर. दोन मिनिटांत पकडलं गेलं असतं.

८) ओळखीची एक ओळ. तक्त्यात आपली स्वतःची ओळ शोधायची आणि वहीशी लावून पाहायची. नावं काढायची असतील तर हे तपासून झाल्यावर काढायची, आधी नाही. आम्ही आधी काढली, म्हणून कोणालाच स्वतःची ओळ ओळखता आली नाही.

विद्यार्थ्यांना एक जास्तीचं. तुमच्या प्रयोगाच्या तक्त्यात ओळींची नावं टी-१, टी-२ अशी असतात, तेव्हा मथळा सरकला तर लगेच दिसतो, कारण ‘उत्पादन’ मथळ्याखाली टी-१ बसलेलं असतं. पण ओळींची नावं नुसते नंबर असतील तर ते आकड्यांत लपतात. आणि शेतकऱ्याच्या हातात कागद देताना तो तुमच्यासमोर त्यालाच वाचायला सांगा. कुठे अडतो ते पाहा. तो जिथे अडतो तिथे मथळा कमी पडलेला असतो.

२०२५ च्या मे महिन्यात आम्ही परत तक्ता काढला. या वेळी भाची स्वतः आली होती. पारावर मी वाचायला लागलो तर बापूंनी हात पुढे केला आणि कागद मागितला. चष्मा लावला. बोट ठेवून एकेक मथळा वाचला, खाली त्याच रकान्यात बोट उतरवलं, शेवटपर्यंत नेलं. मग दुसरा रकाना. बाकीचे कंटाळले, तंबाखू झाली, बापूंचं चालूच. एका ठिकाणी थांबून भाचीला म्हणाले, “बाई, यात वेचणी धरली का नाई? खर्च म्हणजे कोन्ता खर्च?”

तिने लगेच पेन काढून मथळ्यात लिहिलं, ‘वेचणीसह, घरची मजुरी सोडून’.

बापूंनी त्या वर्षी डोंगराकडच्या तुकड्यात कपाशीच लावली. तो निर्णय त्यांचा होता, कागद वाचून घेतलेला. माझं तोंड पाहून नाही.

आमच्या तक्त्याची रिकामी नमुना फाइल आहे, मथळे भरलेली, खाली ताळ्याची ओळ ठेवलेली. कोणाला गटासाठी हवी असेल तर सांगा, पाठवतो. आणि तुमच्याकडे हिशोबाच्या कागदाने असा कधी दगा दिला असेल तर तेही लिहा. आपली चूक लिहिताना हात जड होतो, ते मला माहीत आहे. पण दुसऱ्या कोणाचं चार एकर वाचेल.

राम राम.